विरजण लागत नाही

१२ फेब्रुवारी
सकाळपासून गोठेच गोठे. सारंगखेड्याचा जनावरांचा दवाखाना म्हणजे मी, माझी मोटारसायकल आणि एक गळका बर्फाचा डबा. दगूबाईच्या गाईला दगडी झालीय. कास दगडासारखी, दुधात गाठी. सडात पेनिसिलीनची ट्यूब सोडली, मानेत सुई दिली. बरेच दिवस चालेल हे. निघताना सांगितलं, "औषध दुधात उतरतं, दूध डेअरीत घालू नका." "हा डाक्टर," म्हणाली. पाठ मोडली आज!

१५ फेब्रुवारी
घरी दही लागत नाहीये. आई माझ्या बायकोवर, नूतनवर घसरली — "हिना हातच तशा शे." जेवलो, झोपलो.

१६ फेब्रुवारी
नूतनच्या अंगावर गांधी उठल्यात! पोटावर, मानेवर. खाजवून लाल झालीय. आमच्या काजलच्या वेळी बाळंतपणात पेनिसिलीनच्या सुईने मरता मरता वाचली होती ती. तेव्हापासून अंगणातल्या नळावर अंघोळ केल्याशिवाय मी घरात पाऊल टाकत नाही. बॅग गाडीलाच राहते. तरी हे कसं? माझ्याच कपड्यांतून येत असणार. दुसरं काय?

१८ फेब्रुवारी
चहा घेतला आणि नूतनचे ओठ सुजले, धाप लागली. दवाखाना, सलाईन. तिचा भाऊ धीरज तिथूनच तिला शहाद्याला घेऊन गेला. काजललाही.

२१ फेब्रुवारी
माहेरी ठणठणीत! आई म्हणते, "माहेर गई अन् बरी व्हयनी. नाटकं नुसतं!" गल्लीतही तेच. नूतन फोनवर हळूच म्हणाली, "ही नोकरी आहे तोवर मी येत नाही. तुमच्या हातांची भीती वाटते हो."
हात नाकाशी नेऊन पाहिले. साबणाचाच वास. राजीनामा लिहायला बसलो. हे एकच काम येतं मला. रडू आलं.

२२ फेब्रुवारी
काल विरजण आईनेच लावलं होतं. सकाळी दूध तसंच पातळ! आईने पातेलं आत नेलं. मला तरी कुठे डोकं आहे दह्याचं? राजीनामा उद्या देतो.

२३ फेब्रुवारी
राजीनामा घेऊन निघालो तर दारात दगूबाई, हातात भरलेली किटली. "डेअरीम्हा टाकू नका म्हनेत ना तुम्ही? मंग इतलं दूध काय गटारम्हा वतू? रोज आठेच, तुमना घर दी जास. तुम्ही मन्ही गाय वाचाडी!"
आई मान खाली घालून उभी. शेतकऱ्यांकडून काही घ्यायचं नाही, असा माझा दंडक. म्हणून दूध कुठून येतं ते तिने लपवलं. त्याच दुधातल्या पेनिसिलीनने विरजण मरत होतं, आणि तेच नूतनच्या चहात जात होतं.
डेअरीत घालू नका — एवढंच बोललो होतो मी. फेकून द्या, असं आजवर कुठल्याच गोठ्यात सांगितलं नाही.
नूतन फोन उचलत नाहीये.