सहाव्या मजल्यावरची आई

ता. ४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं लाल सील आमच्या लिफ्टच्या दारावर आठ दिवस लटकतंय. लिफ्ट तपासणं तुझी नोकरी आहे, मान्य. पण सहाव्या मजल्यावर आपली आई राहते, हे विसरलीस? गुडघ्यांमुळे ती जिन्याकडे बघतसुद्धा नाही. मैत्रिणी खाली बाकावर जमतात आणि ही खिडकीत बसून असते.

मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतो, म्हणून स्पष्ट सांगतो. ज्यात जास्तीत जास्त लोकांचं भलं, ते योग्य. चाळीस घरांचे हाल एका पारड्यात आणि तुझा एक झिजलेला दोर दुसऱ्यात. बाकीचे दोर शाबूत आहेत ना? सोसायटीचा सेक्रेटरी मीच आहे, पुढच्या बैठकीत विषय घेतोच. तोवर सील काढ. नियमाला कवटाळून बसणं म्हणजे नीती नव्हे.

रागावू नकोस, पण लवकर कर.

तुझा धाकटा

ता. ७

चि. प्रोफेसरास अ. उ. आ. (आज जरा हात आखडून.)

रागावू नकोस म्हणे. रागावलेच आहे. दोरावरून कापड फिरवलं की तुटलेल्या तारेला ते अडकतं. बावीस ठिकाणी अडकलं. दोनदा मोजलं. माझा पहिला अहवाल गेल्या वर्षीच तुझ्या टेबलावर आला होता. त्यानंतर तीन बैठकांत नुसता चहा पिऊन उठलात.

चाळीस घरांचं भलं मोजलंस, पण लिफ्ट कोसळेल तेव्हा आत कोण असेल, हे तुझं पुस्तक सांगतं का? लिफ्ट ठीक आहे अशी खोटी सही मी कुणासाठीच करणार नाही, आईसाठी तर नाहीच. माझं कर्तव्य तेवढंच आहे. माणूस आपल्या निवडीतूनच घडतो, तिथं सबबी चालत नाहीत, असं वर्गात तूच सांगतोस ना? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

हे आणि सोबत परत पाठवलेलं तुझं पत्र, दोन्ही आईला वाचून दाखव. माया आहे तशीच आहे, सही तेवढी मिळणार नाही.

ताई

ता. १०

चि. ताई आणि चि. प्रोफेसर, दोघांना एकाच मजकुराचं पत्र आणि एकच आशीर्वाद.

दोन्ही पत्रं ऐकली. त्याला भलं दिसतं, तिला कर्तव्य दिसतं, आणि भांडण माझ्या नावावर. मला विचारलं का कुणी? मी काय कपाट आहे, वर ठेवायचं की खाली ते तुम्ही ठरवायला?

आज प्रोफेसर कॉलेजात गेल्यावर एकेका पायरीवर बसत उतरले. सहा मजल्यांना सव्वा तास लागला. तिसऱ्या मजल्यावर रडले, दुखत होतं म्हणून नाही, संतापानं. आता तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे आहे. त्यांनी कापडांचे गठ्ठे हलवून खाट टाकून दिली. उतरता येईल पण पुन्हा चढता येणार नाही, हे मला उतरण्याआधीच ठाऊक होतं.

ताई, सील काढू नकोस. प्रोफेसर, नवा दोर लागेपर्यंत मी खालीच राहणार आणि माझं दोन्ही वेळचं जेवण तू जिन्यानं आणणार. सोसायटीची बैठक उद्या सहाला, माझ्या खाटेपुढं. सगळ्यांना मी सांगितलंय, तुलाच तेवढं कळवायचं राहिलं होतं.

दोघांवर जीव आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

तुमची आई

ता. क. प्रोफेसर, माझा चष्मा वर राहिलाय, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलंय. उतरलास की मग आठवेल, म्हणून आधीच सांगते.