काकांचं घर काढायचं राहिलं

प्रिय बाबा,

काल माझं चित्रप्रदर्शन संपलं. कर्जतच्या हॉलमधून चित्रं घरी आणली, अजून त्यांच्या दोऱ्याही सोडलेल्या नाहीत, आणि तुम्हाला लिहायला बसले. कारण पहिल्याच दिवशी काका आले होते. हो, तुमचे धाकटे भाऊ. रागावू नका, आधी वाचा!

साजगावकडची आपली वाडी कारखान्याच्या जागेत गेली तेव्हा मी जेमतेम पाच वर्षांची. म्हणून वाडीचं मोठं चित्र तुमच्याच आठवणीवर काढलं. आजारपणात खुर्चीत बसून तुम्ही सांगायचात, मी रंग लावायचे. विहाराची पायरी बोटभर डावीकडे गेली तर केवढे चिडलात! तुमच्याजवळ एवढा वेळ मी त्याआधी कधी बसले होते?

काकांच्या घराशी आलो आणि तुम्ही म्हणालात, "त्याचं घर नाय काढायचं. जमीन द्यायच्या कागदावर पयली सही त्यानंच केली." मी तिथं नुसती पिवळी माती रंगवली. वाद घालायला हवा होता, नाही घातला.

प्रदर्शनात मुंबईच्या एक बाई त्या मातीपुढे उभ्या राहून 'विस्थापनाची पोकळी' असं काहीतरी म्हणाल्या. मी मान डोलावली. ती आमच्या बाबांची अढी आहे, हे कसं सांगणार?

काका मात्र चित्रावरून बराच वेळ नुसतं बोट फिरवत होते. मग हळूच म्हणाले, "माजं घर कुठं हाय गं, बाय?"

फार लाज वाटली, बाबा.

ते रागावले नाहीत. आपल्या घराकडे बघून म्हणाले, "ही भिंत चुकली. ती आमची दोगा भावांची होती. मदी एक भोक होतं, हात जाईल येवढं. तुजी आई मीठ मागायची, तुजी काकी तिथनंच द्यायची."

हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत! पायरीसाठी चिडणारे तुम्ही, आणि अख्खी भिंत चुकीची काढू दिलीत?

"विहारात बैठक झाली, सहीवरनं आमचं वाजलं," काका म्हणाले. "त्याच दिवशी दादानं त्याच्या बाजूनं भोक लिंपून टाकलं. मी माज्या बाजूनं तसंच ठेवलं. वाडी सोडंपर्यंत रोज बघायचो, लिंपण पडलं का."

तुम्ही गेलात त्या दिवशी काका गर्दीत मागे उभे होते. मी पाहिलं होतं, तरी पुढे बोलावलं नाही. त्यातही मी तुमचीच लेक!

या रविवारी चित्र घेऊन खोपोलीला काकांकडे जाणार आहे. ते सांगतील तसं त्यांचं घर काढीन. वाडी गेल्याचा तुमचा राग खोटा नव्हता, त्याला मी धक्का लावणार नाही. पण बाबा, भिंतीतलं ते भोक मी उघडंच रंगवणार. हे वचन आहे, आणि यात तुमचं ऐकणार नाही.

तुमचीच हट्टी,
सुजाता