बागेच्या ट्रॅक्टरला लिफ्ट बसवताना

११ एप्रिल
बायको, नेलिदा, मेर्सेदेस गावी बहिणीकडे राहायला गेली. तात्पुरती. कारण क्षुल्लक. आमच्या बागेतल्या मेम्ब्रिजोच्या आंबट फळांची वडी तिने दोन अंश आधीच आचेवरून उतरवली आणि हे मी पाहुण्यांसमोर सांगितले. विधान वस्तुस्थितीला धरून होते. थर्मामीटर साक्षीला होता.

निघताना फाटकापाशी थांबून ती म्हणाली, की जन्मभर पोरांना यंत्रं शिकवलीस, पण माझ्या झाडांमधलं गवत कापायचं यंत्र काही तुला त्या ट्रॅक्टरमागे लावता आलं नाही.

मागणी स्पष्ट आहे. तीस वर्षांच्या अध्यापनात इतका नेमका प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

वडिलांच्या ट्रॅक्टरला मागचे अवजार उचलायची लिफ्ट नाही. मागे केवळ ओढायचा हूक. खालचे दोन दांडे, वरचा एक, आणि ते उचलणारा पंप भंगारातून मिळवून जोडायचा, एवढेच काम. मे अखेरपर्यंत पूर्ण. जूनमध्ये नेलिदा घरी.

२७ एप्रिल
भंगारवाल्याकडे सकाळ गेली. उजवा दांडा एका ट्रॅक्टरचा, डावा दुसऱ्याचा. दोन्ही एकाच ट्रॅक्टरचे मागितले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, इथं लग्नं जुळवत नाही आम्ही." उद्धट मनुष्य.

डावा दांडा अकरा मिलिमीटरने आखूड आहे. ही अडचण नव्हे, माहिती आहे.

१९ मे
दांड्यांच्या मापाचे पुठ्ठ्याचे साचे तयार. मग असे लक्षात आले की पुठ्ठा दमट हवेत फुगतो. साचे पत्र्याचे करावे लागतील.

शेजारचा एल्सो रोस्तान डोकावून गेला. म्हणाला, "प्रोफेसर, एवढ्या वेळात माझ्या आजोबांनी अख्खं चर्च बांधलं होतं. तापवा लाल, हाणा चार घण, बसतंय की नाही बघा!" त्याच्या स्वतःच्या ट्रॅक्टरचा वरचा दांडा तारेने बांधलेला आहे. ते मी त्याला दाखवून दिले. तो हसला आणि माझाच कडू माते चहा पिऊन गेला.

मे अखेर हे उद्दिष्ट मुळातच अवास्तव होते. जून.

८ जून
दांड्यांच्या भोकांत बसणारे बुश लेथवर स्वतः कातले. तीनदा. तिसरे उत्तम आहेत. पहिलेही चालले असते, पण चालणे आणि बसणे यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने यंत्राला हात लावू नये.

नेलिदाला फोन केला. बुशविषयी सविस्तर सांगितले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी विचारले, "गरम काही खातोस का?" प्रकल्पात तिला रस आहे, हे उघड आहे.

१३ जुलै
रोस्तानकडे डुक्कर कापले. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन थंडी, आणि या दिवशी सगळी आळी एकत्र जमते. पुरुष कापतात, बायका मसाला कालवतात, संध्याकाळपर्यंत सॉसेजच्या माळा तुळयांना टांगल्या जातात. नेलिदा आली होती. बाह्या कोपराच्या वर, हात मांसात मनगटापर्यंत, आणि ती हसत होती. रोस्तानची बायको म्हणाली, "बघा, तिकडे जाऊन हिला रंग आलाय!" तिकडच्या पाण्यात लोह अधिक असावे.

मी शेजारी उभा राहून लिफ्टच्या पिनांच्या जाडीची दोन परिमाणे समजावून दिली. त्या ओघात, मीठ अंदाजाने न टाकता तोलून टाकावे, असेही सुचवले. ती म्हणाली, "तू दोऱ्या काप." दोऱ्या कापल्या. सगळ्या एका लांबीच्या.

जाताना तिने एक माळ माझ्या हातात दिली. महिनाभर टांग म्हणाली, मग खायची. मी अर्थातच तिच्याशिवाय खाणार नाही. तिलाही ते ठाऊक असणार. एवढी मोठी माळ एकट्या माणसाला कोणी देत नाही.

६ ऑगस्ट
दांडे बसले. समांतर. दोन वेळा मोजले.

पंप बसला नाही.

२१ ऑगस्ट
पंपाखालचा कंस दुसऱ्यांदा तुटला. वेल्डिंग माझे होते, म्हणजे पोलाद निकृष्ट असणार.

माळेला बुरशी आली. पांढरी चांगली असते, हिरवी नव्हे. ही दोन्ही आहे.

१२ सप्टेंबर
लिफ्टने उचलले! गवत कापायचे यंत्र तीन पिनांवर लावले, लीव्हर ओढला, आणि ते वर गेले. डावी-उजवी बाजू एका पातळीत. मी आपोआप स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिले. तिकडे अर्थातच कोणी नव्हते. तेवढे एक सोडता चाचणी निर्दोष.

मग क्लच दाबला आणि यंत्र खाली बसले.

१३ सप्टेंबर
कारण सापडले. पंपाला फिरवणारा शाफ्ट क्लचच्या पलीकडचा आहे. क्लच दाबला की पंप थांबतो, आणि जुन्या झडपेतून तेल गळून दांडे खाली येतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हे रेखाचित्र पाहून कळले असते. मी रेखाचित्र काढले होते. सुबक आहे.

रोस्तान बराच वेळ हसला. म्हणाला, "म्हणजे ट्रॅक्टर उचलतो तेव्हा जायचं नाही, आणि जातो तेव्हा उचलायचं नाही? प्रोफेसर, तुमच्या स्वभावाला अगदी शोभतोय हो!"

निष्कर्ष : क्लच न दाबता चालवायचा. दोष यंत्रात नाही, चालवण्याच्या सवयीत आहे.

३ ऑक्टोबर
ग्रिसेलचा मॉन्तेविदेओहून फोन. आई शनिवारी येतेय, ट्रक घेऊन. मग पुन्हा, "बाबा, ऐकताय ना? ट्रक घेऊन."

ऐकले. परत राहायला येणाऱ्या माणसाचे सामान हातातल्या पिशवीत मावत नाही. मुलीला वाईट बातमी आणि चांगली बातमी एकाच आवाजात सांगायची सवय आहे, ती तिला मी लावलेली नाही.

उद्या गवत. माळ मागच्या दारी पुरली. विचारले तर संपली म्हणेन.

६ ऑक्टोबर
मेम्ब्रिजोच्या सगळ्या ओळींतले गवत कापले. वळताना दरवेळी यंत्र जमिनीवर बसले आणि वळणापुरते गवत उभे राहिले. ते विळ्याने कापले. झाडे फुलांवर आहेत. लांबून पाहिले तर कोणालाही कळणार नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार
ती सकाळीच आली. मी तिला सरळ बागेत नेले. तिने ओळी पाहिल्या, ट्रॅक्टर पाहिला, दांड्यावरून हात फिरवला. "छान केलंस," म्हणाली. मनापासून म्हणाली, तिचा खोटा आवाज मला ओळखता येतो. मी म्हणालो, तू सांगितलंस तसंच केलं. तिने विचारले, कधी? मी फाटकाजवळचे वाक्य शब्दशः सांगितले.

तिला आठवेना. प्रामाणिकपणे आठवेना. "असं म्हणाले होते मी? अरे, निघताना माणूस काहीतरी बोलतो. दुसरं बोलवत नव्हतं म्हणून बोलले असेन." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने माझ्या कॉलरवरचे गवत काढले.

ट्रक रिकामा आला होता. तिला तिच्या आईची बिडाची चूल न्यायची होती. तिने मेर्सेदेसला खोल्या घेतल्या आहेत, बहिणीच्या घरामागे. ट्रकवाला आणि रोस्तान यांनी चूल दाराबाहेरच्या ओट्यापर्यंत सरकवली, पुढे हलेना. रोस्तान कंबर धरून बसला. नेलिदाने ट्रॅक्टरकडे पाहिले. "हा उचलेल का रे?"

उचलेल, म्हणालो. किती किलो, तेही सांगितले.

रोस्तानची खोकी वाहायची फळी आणली. तीन पिना तीन भोकांत पहिल्याच वेळी गेल्या. हातोडी लागली नाही. ट्रॅक्टर हलवायचा नसल्याने ट्रकच मागे घ्यायला लावला. लीव्हर ओढला. फळीवर सरकवलेली चूल धक्का न लागता वर गेली, एका पातळीत, ट्रकच्या फळीला लागून थांबली. त्यांनी ती आत सरकवली. नेलिदा म्हणाली, "झालं. घे खाली."

मला एकही दुरुस्ती सुचली नाही.

गेली. स्वयंपाकघराच्या भिंतीत चुलीच्या धुराच्या नळाचे भोक राहिले आहे. त्यातून बाग दिसते आणि वारा येतो. ते बुजवायला हवे. भोक पुरते गोल नाही. मोजले नाही.