गाऱ्हाणे ठरवलेल्या कवितेबाबत

प्रति,
मे. ग्रंथालय निरीक्षक साहेब,
जिल्हा कचेरी, रत्नागिरी यांसी

विषय : श्रीमती शेवंती धोंडू तांडेल यांची कविता वाचनालयाच्या हस्तलिखित अंकात दाखल करून मिळणेबाबत.
संदर्भ : सार्वजनिक वाचनालय, खारबंदर, ठराव क्र. ७, दि. ६ मे १९६२.

महोदय,

खाली सही करणार सदर वाचनालयात अकरा वर्षे ग्रंथपाल आहे. अर्ज करण्याची ही पहिलीच खेप.

१. दि. २२ एप्रिल रोजी वाचनालयात काव्योत्सव साजरा झाला. म्हणजे काय झाले ते सांगतो. टेबल डुगडुगत होते, म्हणून त्याच्या पायाखाली दोन काव्यसंग्रह घातले. कवितांचे कपाट रिकामे करून त्यात कपबशा मांडल्या. कार्याध्यक्ष श्री. भाई रेगे यांनी चंद्रावरची स्वतःची बत्तीस कडवी म्हटली व दर कडव्यानंतर ते टाळ्यांसाठी थांबले. मला तेव्हाच शिसारी आली. तरी नोकरीमुळे मीही टाळ्या वाजवल्या.

२. आमच्याकडे कोणतेही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. त्याप्रमाणे देवळाचे मानकरी श्री. गणपत गावकर यांनी आरंभी देवाला गाऱ्हाणे घातले व जमलेल्यांनी रिवाजाप्रमाणे दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हटले. येथवर तक्रार नाही.

३. सर्वांत शेवटी शेवंतीबाई उठल्या. यांचा मुलगा विश्राम गेल्या नारळी पौर्णिमेनंतर होडी घेऊन गेला तो परत आला नाही. शवही मिळाले नाही. बाईंना अक्षरओळख नाही. खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राकडे तोंड करून त्या म्हणाल्या :

"दर्या, माजो विश्राम तुज्याकडे ऱ्हवलो आसा.
तेका न्हाणयलंस, आता घराक धाड.
तेची पेज निवता."

दर ओळीला सबंध सभा, कोणी न सांगता, "व्हय म्हाराजा" म्हणाली. श्री. भाई रेगेसुद्धा म्हणाले. मी समोरच उभा होतो.

४. उत्सवातील सर्व कविता हस्तलिखित अंकात उतरवून कायम ठेवायच्या होत्या. परंतु संदर्भीय ठराव म्हणतो की, ज्याअर्थी श्रोत्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले, त्याअर्थी ते गाऱ्हाणे होय, कविता नव्हे. सबब ते देवळाकडे वर्ग करावे. मी कागद घेऊन देवळात गेलो. श्री. गावकर म्हणाले, "वाचनालयात घातलेला गाऱ्हाणा देवळात चलाचा नाय." तेव्हा वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने मला तोंडी सुचवले की, बाईंनी पुन्हा म्हणावे व श्रोत्यांनी गप्प बसावे, म्हणजे कविता म्हणून विचार करता येईल. हा निरोप मी निर्लज्जपणे बाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "तेका एकदा सांगलंय. दर्या काय बहिरो नाय." साहेब, मला माझीच किळस आली.

५. मुलाचे नाव कोठेतरी लिहिलेले असावे, एवढीच बाईंची इच्छा आहे. दर बुधवारी मासळी विकून झाली की त्या पाटी बाहेर ठेवून दारातून विचारतात, "माज्या विश्रामाचा नाव पुस्तकात इला?" सहा बुधवार मी "शाई सुकतेय" असे खोटे सांगितले. सातव्या बुधवारी माझ्याने सांगवणार नाही.

६. अंकात आता पान शिल्लक नाही, ही मंडळाची ताजी सबब. चंद्राला अकरा पाने मिळाली आहेत. पान १४ वर माझीही एक कविता होती. तिला टाळ्या पडल्या. "व्हय" कोणी म्हटले नाही, आणि म्हणावे असे तिच्यात काही नव्हतेही. ते पान मी आज माझ्या हाताने कापून काढले. वाचनालयाच्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल होईल ती शिक्षा मान्य आहे. मात्र रिकाम्या झालेल्या जागी कोरा कागद डकवून त्यावर बाईंच्या तीन ओळी लिहिण्याचा हुकूम बुधवारपूर्वी व्हावा.

आपला नम्र, परंतु यापुढे टाळ्या न वाजवणारा,
जयराम विठ्ठल सामंत
ग्रंथपाल, खारबंदर
दि. ४ जून १९६२

सोबत :
(१) ठराव क्र. ७ ची नक्कल.
(२) शेवंतीबाईंची कविता, माझ्या अक्षरात, त्यांच्या अंगठ्यासह.
(३) पान १४. परत पाठवू नये.