मदीनाबी चाचीची डाळ

मुक्काम वसमत, माघ वद्य चतुर्थी

श्री. रा. रा. संतराम दाजी यांच्या पायांवर धाकटा मेहुणा किसन शिंपी याचं डोकं.

आम्ही सारे इकडे धडधाकट आहोत. तुमची प्रकृती, अक्काचा गुडघा आणि तुमची तांबडी म्हैस या तिघांची खुशाली कळवावी. (अक्काला हे वाचून दाखवताना म्हशीचं नाव वेगळ्या वाक्यात घ्यावं.) पुसेगावात तूर झोडून झाली असेल. त्या तुरीवर पुढं येतोच.

दाजी, तुम्ही आमच्या लेकीचं, द्वारकीचं लग्न जुळवलंत, हे उपकार फिटायचे नाहीत. पण जुळवण्याच्या भरात तुम्ही सोयऱ्यांना सांगून बसलात की किसनचं वसमतेत स्वतःचं घर आहे आणि मांडव त्याच्याच दारात पडेल. तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून मी घर शोधायला निघालो. खोटं कशाला बोलू, मलाही हवंच होतं. माझं लग्न झाल्यापासून आम्ही मदीनाबी चाचींच्या घरात भाड्यानं राहतो. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागची त्यांची, अंगण आणि विहीर दोघांची. चाचींना मूलबाळ नाही, मालक जाऊन जमाना झाला. त्यांचा कायदा एकच, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. त्यांच्या मालकांनी मारलेला एक खिळा आहे, त्याच्यावर माझा फेटा, बायकोची, भिकाबाईची पिशवी, द्वारकीचा आरसा आणि गिऱ्हाइकांचे कपडे अशी सगळी दुनिया लटकलेली असते. फेटा हवा असेल तर मला आधी कोणा पाटलाचा कोट उतरवावा लागतो. ज्याला स्वतःची भिंत आहे त्याला याचं हसू येईल. मला मात्र मशीन चालवता चालवता कितीदा वाटायचं की एवढ्या लोकांची मापं घेतली, पण आपल्या मापाचं असं काही अजून बेतलंच नाही. खिळा ठोकताना कोणाला विचारावं लागू नये, घर म्हणजे मला एवढंच पाहिजे होतं.

भिकाबाईनं अट घातली की पाणी पारखल्याशिवाय घर घ्यायचं नाही. आपल्याकडे काही विहिरींचं पाणी इतकं जड की तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी दाणा दाणा वेगळा. तेव्हा जे घर पाहू त्याच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजवून बघायची असं ठरलं. चाची म्हणाल्या, पारख बराबर व्हायची तर डाळ दर वेळी एकाच मडक्यातली पाहिजे, माझ्या मडक्यातली न्या. आणि नुसतं म्हणून थांबल्या नाहीत, पदराच्या गाठीत डाळ बांधून स्वतः बरोबर निघाल्या. भाडेकरूला घर शोधून द्यायला घरमालकीण उन्हातून चालते हे पाहून माझे डोळे भरून आले. (ते पाणी मी आता परत घेत आहे.)

घरं दाखवायला सोनाजी दलाल. हा माणूस खोट काढायला गेलं की तिचा गुण करून हातात देतो. पहिल्या घराच्या धाब्यातून आभाळ दिसत होतं, तर म्हणाला उजेड भरपूर आहे. दुसऱ्या घराचा दरवाजा शेजाऱ्याच्या गोठ्यात उघडत होता, तर म्हणाला दुधाची तकलीफ नाही. दोन्हीकडे भिकाबाईनं तीन दगड मांडून चूल पेटवली आणि दोन्हीकडे डाळ जशीच्या तशी राहिली. मला वाईट वाटलं नाही. पण तिसरं घर! दाजी, पूर्वेचा दरवाजा, मशीन मांडायला खिडकीशी जागा, स्वतःची विहीर, आणि भिंती अशा कोऱ्या की मी डोळ्यांनीच त्यांच्यात खिळे ठोकत सुटलो. द्वारकीनं अंगणात पाऊल टाकून मांडवाची मेढ कुठं रोवायची ती जागाही धरून ठेवली. डाळ चढली, आम्ही सगळे चुलीभोवती बसलो. सरपण संपलं, सोनाजीचे गुण संपले, डाळ काही शिजेना. चाचींनी एक दाणा बोटांत दाबून पाहिला आणि मान हलवली. घरी येताना द्वारकी मागं राहून राहून चालत होती.

उरलेली मूठभर डाळ भिकाबाईनं रागारागानं आमच्याच चुलीवर, आमच्याच विहिरीच्या पाण्यात टाकली. तीही शिजेना. आता मी किती शहाणा आहे ते ऐका. मला वाटलं, आपली विहीर बिघडली. (भिकाबाई काहीतरी सांगू बघत होती, पण शहाण्या माणसाला बायकोचं ऐकायला सवड कुठली?) चाचींना ही बातमी हळूच सांगावी म्हणून मी मागच्या खोलीत गेलो, कोणी गेल्यावर बसतात तसा बसलो, आणि म्हणालो की चाची, धीर धरा, तुमच्या विहिरीचं पाणी जड झालं. त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली विहीर ती. चाची ताडकन उठल्या.

"माझ्या हिरीला नावं ठेवून राहिला का, किसन? पानी खडीसाखर हाय माझं! डाळच म्हातारी हाय, माझ्यावानी. कोन्त्याच पान्यात शिजायची न्हाई ती!"

बोलून गेल्या आणि तोंडाला पदर लावून खाली बसल्या. दाजी, मला राग आला. पोरीच्या लग्नाचा प्रश्न, तुमच्या शब्दाचा प्रश्न, आणि या बाईनं तीन घरं खोटी पाडली. मी विचारलं, असं काहून केलं चाची? तर हळूच म्हणाल्या, "पोरा, द्वारकीला पहिली आंघोळ या हातानं घातली. माझ्या वट्यावर रांगली ती. अन् तिची मेढ परक्या अंगणात रोवनार?" मी म्हणालो, परकं कसं, ते आमचं स्वतःचं होईल. त्यावर म्हणाल्या, "महिनाभराचं घर तुमचं, अन् हे एवढ्या सालाचं न्हाई व्हय?"

 मशीनवर बसलो की तेच डोक्यात येतं. भिंत त्यांची हे खरं. पण त्या भिंतीआड पोर जन्मली, मोठी झाली, माझे केस पिकले, आणि भाड्याच्या जागेत राहतो म्हणून हे सगळं जणू उसनं होतं असं मी धरून चाललो होतो. मला वाईट वाटलं, दाजी. चाचींचंही वाटलं, माझंही वाटलं. तिसरं घर मात्र मनातून गेलेलं नाही, तेही लपवत नाही.

अक्काला दंडवत, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा
किसन

ता. क. आता कामाचं. तुम्ही सोयऱ्यांकडे जाऊन खरं सांगून या, की घर किसनचं नाही, मांडव मदीनाबी चाचींच्या दारात पडेल. शब्द तुम्ही दिलात, तो तुमच्याच तोंडून बदलावा. ते नाराज झाले तर मी पाया पडायला येईन, पण आधी तुम्ही जा. इकडे चाचींनी शेजारून पहार आणून अंगणात मेढीचा खड्डा खणून ठेवला आहे. जिनं मला एक खिळा ठोकू दिला नाही तिनं गुडघाभर खणलं, आणि द्वारकी माती उपसत होती.

ता. क. २ लग्नाला येताना या सालची नवी डाळ आणा. दोन पुड्यांत आणा. मोठी चाचींच्या हातात द्या, वरणासाठी. लहान गुपचूप माझ्याजवळ द्या, तिसरं घर अजून विकलेलं नाही.

ता. क. ३ लहान पुडी लपवू नका. वरचं लिहिताना मी मोठ्यानं पुटपुटत होतो आणि चाची दारात उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. त्या घराच्या ओसरीवर एक बाज मावते का, एवढंच विचारलं. मावते म्हणालो. तर म्हणाल्या, बरं, पण प्यायचं पानी इथूनच न्यायचं.