आईचा उतार आणि भावोजींची करवत

तीर्थरूप ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात दोन, बोटे दहा. आज सकाळीच मोजली आहेत. भावोजींना कळव, म्हणजे त्यांना शांत झोप लागेल.) तुझी पाठ, भावोजींचा खोकला आणि आईचं प्लास्टर तिघेही खुशाल असतील अशी आशा करतो. त्यातलं प्लास्टर तेवढं लवकर जावं. बाकीचे दोघे आता घरचेच झाले आहेत.

शनिवारी तू आईला इकडे आणून सोडणार. चाकांच्या खुर्चीतून. आमच्या दाराला दोन पायऱ्या, आणि आईने मला फोनवर बजावलेलं तुला ठाऊकच आहे : "मला गाठोड्यासारखं उचलून आत नेणार असलास तर मी ताईकडेच बरी." तिचा स्वभाव पाहता ती खरोखरच परत फिरेल, आणि पायऱ्यांपाशी उभ्या असलेल्या मला शेजारी बघत राहतील. म्हणून मी फुशारकीने सांगून बसलो की लाकडी उतार (ज्याला बाकीचं जग रॅम्प म्हणतं) मी स्वतः करीन. भावोजींची जुनी विजेची करवत, टेबलाच्या मधोमध गोल पातं वर डोकावणारी, मागच्या खोलीत होतीच. पंचवीस वर्षं पोरांकडून विभक्त्या घोकून घेतलेल्या माणसाला दोन फळ्या विभक्त करणं काय अवघड, असा माझा समज होता.

कोणत्याही शास्त्राचा आरंभ नियमांनी व्हावा, म्हणून आधी यंत्राची पुस्तिका पाठ केली आणि तिचं सार सूत्ररूपाने लिहून भिंतीवर लावलं. पहिलं सूत्र : "पूर्वं विद्युद्विच्छेदः, पश्चाद् धारास्पर्शः।" तुझी भावजय ते वाचून म्हणाली, "बोट जायची वेळ आली की आधी संधी सोडवत बसायचं का?" आणि खाली खडूने लिहून गेली : आधी प्लग काढा, मग पात्याला हात लावा. (भाष्य मूळ सूत्रापेक्षा सोपं असतं याचं मला नेहमीच वैषम्य वाटत आलं आहे.) बाकीचे नियमही मी तंतोतंत पाळले. सैल सदरा काढून अंगाबरोबरचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, घड्याळ बाजूला, डोळ्यांना चष्म्यावर चष्मा, कानांवर आवाज अडवणारे जाड टोप. एकूण ध्यान असं, की दूधवाल्याने मला ओळखलं नाही आणि उधारीचं विचारायचंही त्याला धैर्य झालं नाही.

आणि इतकं सगळं करून करवत सुरूच होईना! एक दिवस नाही, ताई, पाच दिवस. रोज शाळेतून यायचं, नटायचं, बटण दाबायचं, आणि नटलेलं उतरवायचं. शनिवार जवळ येत चाललेला. शेवटी कोपऱ्यावरचे वायरमन बोलावले. फार मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मास्तर, हे मोठं लाल बटण कुणी दाबलं?"

म्हटलं, "मी. रोज, अगदी सुरुवातीला."

"ते संकटात यंत्र बंद करायचं बटण आहे."

"म्हणूनच. संकट येण्याआधी."

त्यांनी शांतपणे सांगितलं की ते एकदा दाबलं की अडकून बसतं आणि फिरवून सोडल्याशिवाय यंत्र हलत नाही. म्हणजे पाच दिवस मी ग्रंथारंभी मंगलाचरण करावं तशा भक्तिभावाने यंत्राचा गळा दाबत होतो. त्यांनी बटण फिरवलं. तरीही शुकशुकाट. त्यांनी भिंतीवरचा बोर्ड उघडला, तर फ्यूज जागेवर नाही. तेव्हा तुझी भावजय स्वयंपाकघरात गेली आणि साखरेच्या डब्यातून फ्यूज काढून टेबलावर ठेवती झाली. "मी घरात असताना सुरू केलंत तर लावणार होते. तुम्ही सांगितलंतच कुठे?" फ्यूज बसला. तरीही नाही. मग कन्येने, मान खाली घालून, कॉलेजच्या पिशवीतून करवतीच्या बटणात खोचायची पिवळी किल्ली काढली. "बाबा, तुम्ही एकटेच असता ना दुपारी." (एकमेकींना पत्ता नाही हो! या घरात गुप्तता पाळता येते हे मला इतक्या वर्षांनी कळलं.) वायरमन हत्यारं आवरताना एवढंच म्हणाले, "इतकी सुरक्षित करवत जन्मात पाहिली नाही."

मग तह झाला : किल्ली कन्येकडे, फ्यूज बायकोकडे, लाल बटणापाशी तीच उभी. त्यानंतर जे घडलं ते काय वर्णावं! मी फळीच्या रेषेत न थांबता किंचित बाजूला उभा, शेवटचा वीतभर भाग हाताने नव्हे तर काठीने ढकलतोय, भुसा उडतोय, ताज्या लाकडाचा वास, आणि समोर बायको दोन्ही हात हलवून कौतुक करते आहे. कानांवर टोप असल्याने शब्द ऐकू येईनात, पण मीही नम्रपणे मान हलवली. तेव्हा तिने लाल बटण दाबलं. मी कापत होतो ती फळी उताराची नव्हती; तिच्या शिवणयंत्राच्या टेबलाची होती, पॉलिशसाठी काढून ठेवलेली. ते टेबल आता सडपातळ झालं आहे. तिने अबोला धरला आणि दीड दिवसाने, न बोलताच, स्वतः पेन्सिल घेऊन उरलेल्या फळ्यांवर रेषा आखून दिल्या.

पण उतार झाला, ताई! बारा फूट लांब, हळुवार, फाटकापासून दारापर्यंत. माझी लिहायची चाकांची खुर्ची बाहेर काढली, तिच्यात तुझ्या भावजयीला बसवलं, आणि मी एका हाताने ढकलत तिला थेट बैठकीत नेलं. ती हसली. अबोल्यासकट आत गेली आणि बोलत बाहेर आली.

वायरमन उद्या तुमच्याकडे कामाला येत आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो. आईला साष्टांग.

तुझा धाकटा, आता पाव सुतार

ता. क. : उताराचा रंग अजून ओला आहे. तेव्हा कृपा करून शनिवारऐवजी मंगळवारी या. आईला कारण म्हणून तुझी पाठ सांग, तिला ती परिचयाची आहे.

ता. क. २ : भावोजींकडे जुन्या फळ्या पडून असतील तर येताना घेऊन या. कशाला ते विचारू नका.

ताई, पाकीट बंद करायच्या आधी मी वाचलं. रंग परवाच वाळला, हात लावून पाहिला आहे. ह्यांना मंगळवारपर्यंत उताराला कठडा, कठड्याला पेला ठेवायची फळी आणि मला नवीन टेबल करायचं आहे. फळ्या आणू नका, शनिवारीच या. आईंना सांगा, उचलायला कुणी पुढे येणार नाही. दार उघडं असेल.