गच्चीवरच्या सळया कापू का?

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घे. माझी कंबर हल्ली तेवढीच वाकते.) तुझे गुडघे काय म्हणतात? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतोस, की बाटली उशाशी ठेवून नुसता तिच्याकडे बघत बसतोस? खानावळीचा डबा सोसतोय ना? मागच्या पत्रात तू 'मजेत आहे' एवढंच लिहिलंस. तू मजेत असलास की चार पानं लिहितोस आणि नसलास की दोन शब्द, हे मी चाळीस वर्षं बघतेय, तेव्हा ते असो. आम्ही दोघं ठीक. लाँड्री जोरात चाललीये. इस्पितळाचे कोट आणि लॉजच्या चादरी यांनी दुकान आणि गच्ची दोन्ही भरलेली असतात, आणि ह्यांची इस्त्री सकाळी नऊला तापते ती सहापर्यंत थंड होत नाही. त्यामुळे विजेचं बिल आलं की हे त्याची घडी घालून (घडी मात्र सुरेख) स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवतात आणि मला सांगतात, अजून आलं नाही.

पत्र लिहायला तसं काहीच कारण नाही. नुसतं कळवावं म्हणून कळवते. आपल्या गल्लीत सध्या गच्चीवर सोलर बसवायचं खूळ शिरलंय, आणि आपली गच्ची पडली सगळ्यांत मोठी आणि सपाट, म्हणून एकाच आठवड्यात आमच्याकडे दोन माणसं येऊन गेली. पहिल्याचं नाव मी फुकटवाला ठेवलं. गळ्यात टाय, हातात फाईल, आणि दातांची जाहिरात केल्यासारखं सतत हसू. त्याचं म्हणणं असं, की पॅनलं कंपनीची, बसवणार कंपनी, पुसणार कंपनी, बिघडली तर धावत येणार कंपनी. आपण फक्त गच्ची द्यायची आणि त्या पॅनलांची वीज त्यांच्याकडून आत्तापेक्षा स्वस्तात घ्यायची. ह्यांनी टेबलाखाली बोटं मोजली, एका चहात माणूस सतरा वेळा फुकट म्हणाला. मग तो टेप घेऊन गच्ची मोजायला गेला, तर वारा सुटला आणि लॉजची ओली डबल चादर त्याच्या अंगाभोवती गुंडाळली गेली. मला वाटलं आता तरी गप्प बसेल. पण नाही, चादरीच्या आतून अठराव्यांदा फुकट ऐकू आलंच.

हे तर तिथेच पाघळले. (तुला ठाऊक आहेत. शिंप्याने फुकट बटण दिलं तर हे त्या बटणासाठी सदरा शिवून घेतील.) मी म्हटलं, आधी कागद बघू. कपड्यांवरच्या खुणा शोधायला ठेवलेलं भिंग काढलं आणि करारातली मुंगीएवढी अक्षरं वाचायला बसले. स्वस्त विजेचा भाव दरवर्षी थोडा थोडा चढणार. गच्ची पंचवीस वर्षं त्यांच्या ताब्यात. मधेच काढा म्हटलं तर दंड आपल्याला. आणि त्या पंचवीस वर्षांत गच्चीवर एक वीटही चढवायची नाही. शेवटी त्याने हसत हसतच सांगितलं, काकू, कॉलमच्या ह्या सळया तेवढ्या कापाव्या लागतील, सकाळची त्यांची सावली पॅनलवर पडते.

इथे घोडं अडलं. एकोणीस वर्षांपूर्वी बाबांनी स्लॅब घातला तेव्हा त्या सळया छातीएवढ्या वर सोडल्या त्या तुझ्या मजल्यासाठी. तू रिटायर झालास की वर बांधून राहायला येणार, हे तूच स्लॅबवर उभं राहून सांगितलंस, आणि बाबांनी गवंड्याला जादा मजुरी दिली. तुला रिटायर होऊन तीन वर्षं झाली. आत्तापर्यंत तू मजल्याचे अकरा नकाशे पाठवलेस. नवव्यात जिना घराबाहेर गेला, दहाव्यात परत आत आला, अकराव्यात खिडकीने पाठ फिरवली. (जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढलेस, एकाही साहेबाने अकरा वेळा खोडायला लावलं नसेल.) इकडे मी त्या सळयांना दोऱ्या बांधून चादरी वाळत घालते आणि शेजारणी विचारतात, वरचा मजला कधी? मी म्हणते, यंदा. आता त्यांनी विचारायचंसुद्धा सोडलंय.

दुसरा आला तो विकतवाला. ह्याला हसू म्हणजे काय ते माहीत नाही. घ्यायचं तर घ्या, नाहीतर मला दुसरीकडे जायचंय, असा चेहरा. पण गच्चीवर गेला, सळया बघितल्या, दोऱ्या बघितल्या आणि म्हणाला, पॅनलं उंच सांगाड्यावर बसवतो, सावलीच्या वर जातील, खाली चादरी वाळू देत. मजला बांधाल तेव्हा उतरवून ठेवतो आणि त्या मजल्यावर परत चढवतो. मग तुमची खात्री पटू दे म्हणून एक नमुन्याचं पॅनल आणि त्याला जोडलेला वीतभर पंखा दोन दिवसांसाठी ठेवून गेला. पंखा असा भिरभिरला की मी दोन कोट त्याच्यासमोरच वाळवले.

आता पुढचं हसू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनलवर धूळ बसलेली ह्यांना दिसली. धूळ दिसली आणि हात शिवशिवले नाहीत तर ते आपले हे कसले! साबणाने धुतलं. ठीक. पण वर्षानुवर्षांची सवय, धुतल्यावर हातात जे भांडं आलं ते खळीचं. कोटांसाठी कालवलेली, घट्ट, मैद्याची. ह्यांनी ती आख्ख्या पॅनलवर हळुवार चोपडली आणि वर वाळायला ऊन होतंच. दुपारपर्यंत पॅनल असं पांढरंशुभ्र कडक झालं की इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी अंगात घालावं. पंखा दमला, कुंथला आणि थांबला. नेमका तेव्हाच फुकटवाला आला. बंद पंखा बघून त्याला अत्यानंद झाला. बघा, विकतचं असं असतं, आता कोण येणार दुरुस्तीला, आमची कंपनी असती तर अशी धावत आली असती. अर्धा तास बोलला बिचारा. संध्याकाळी विकतवाला आला, नखाने पॅनल खरवडलं, नखाचा वास घेतला आणि ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. ह्यांना कुठे तोंड लपवू असं झालं. मग त्याने गरम पाण्याने खळ धुतली आणि पंखा पुन्हा फिरायला लागला. जाताना तो पहिल्यांदा हसला. मला तर वाटतं, आयुष्यातच पहिल्यांदा.

खरं सांगायचं तर फुकटवाला अगदीच थापाड्या नाही. ज्याच्या हातात एकरकमी पैसे नाहीत आणि ज्याला वर काही बांधायचं नाही, त्याने डोळे झाकून सही करावी. (झाकून नको, भिंग लावून करावी.) विकत घ्यायचं तर बँकेचं कर्ज, पाच-सहा वर्षं हप्ते, आणि दहा वर्षांनी इन्व्हर्टरने मान टाकली तर तो खर्चही आपल्याच गळ्यात. पण वस्तू आपली. दिवसभर इस्त्री चालणाऱ्या घराला दिवसाची वीज म्हणजे काय ते तुला सांगायला नको. हे अजून फुकटच्या बाजूने आहेत. आठ दिवस आमच्यात बोलणं फक्त कोटांपुरतं. शेवटी हे म्हणाले, तुझा भाऊ येणार असेल तर विकत घेऊ. यायचा नसेल तर त्या गंजक्या लोखंडासाठी फुकटची वीज का सोडायची? दादा, मी घासलेलीच कॉलर पुन्हा घासत बसले.

तेव्हा स्पष्टच लिहिते. वहिनी गेल्याला चार वर्षं झाली. तू त्या भाड्याच्या खोलीत एकटा जेवतोस हे मला रोज ताटावर बसलं की आठवतं. मला तू इथे हवा आहेस. पंचवीस वर्षांनी गच्ची मोकळी होईल तेव्हा तू अठ्ठ्याऐंशीचा असशील. मजला बांधलास तरी जिना चढणार कोण, तो आत असो की बाहेर? पण तुला तिथेच बरं वाटत असेल तर तसं सांग. मी रडणार नाही, रागावणार नाही, आणि तुझ्यावर कसलाही दबाव आणणार नाही. थेंब घाल.

तुझी, काडीचाही दबाव न आणणारी,
धाकटी

ता. क. घर आपल्या दोघांच्या नावावर, तेव्हा तुझ्या सहीशिवाय काहीच हलत नाही. दोन फॉर्म आहेत. एक फुकटवाल्याचा, सळया कापायच्या संमतीसकट. दुसरा बँकेच्या कर्जाचा. एकावर सही कर, दुसरा फाडून टाक. पत्र लिहू नकोस. पत्रात तू 'बघू' लिहितोस. शनिवारच्या आत पाठव.

ता. क. २ पाकीट बंद करताना लक्षात आलं की पहिला फॉर्म काल इस्त्रीखाली सापडून जळाला, नेमका तुझ्या सहीच्या जागी. काय करणार, कामाच्या गडबडीत होतं असं. म्हणून फक्त बँकेचाच पाठवते. नाइलाज आहे.

ता. क. ३ (हे मी लिहितोय, तुमचा मेहुणा.) दादा, पाकिटावर पत्ता घालायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. मी फुकटच्या बाजूचा माणूस, तेव्हा सांगणं भाग आहे, काल दिवसभर लाईट नव्हती आणि इस्त्री थंडगार होती. तो फॉर्म हिने मागच्या दारी बसून काडी ओढून जाळला. डोळ्यांना पदर लावलेला बघून मी विचारलं, तर म्हणाली, धूर गेला. एका कागदाचा धूर तो असून असून किती असेल? तुम्ही या.